क्रिस्टोफर स्ट्रेची
क्रिस्टोफर स्ट्रेची (१६ नोव्हेंबर १९१६ – १८ मे १९७५) हे ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ होते. प्रोग्रॅमिंग भाषांच्या अर्थाचे गणिती विवेचन करणाऱ्या शाखेचे ते एक प्रवर्तक मानले जातात. या क्षेत्रात त्यांचा प्रवेश मात्र शाळेतील नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवसांत, केवळ हौसेने लिहिलेल्या एका खेळाच्या प्रोग्रॅममुळे झाला.

कुटुंब व शिक्षण
स्ट्रेची यांचा जन्म लंडनमधील हॅम्पस्टेड येथे झाला. वडील ऑलिव्हर स्ट्रेची हे दोन्ही महायुद्धांत शत्रूचे सांकेतिक संदेश उकलण्याच्या कामावर होते. तत्पूर्वी त्यांनी भारतात रेल्वेत नोकरी केली होती. आजोबा सर रिचर्ड स्ट्रेची हे ब्रिटिश हिंदुस्थानातील वरिष्ठ प्रशासक होते. आई रे स्ट्रेची स्त्रियांच्या मताधिकार चळवळीतील कार्यकर्त्या आणि त्या चळवळीच्या इतिहासकार, तर चरित्रकार लिटन स्ट्रेची हे त्यांचे काका. अशा घरातील मुलाकडून अपेक्षा मोठ्या असणे स्वाभाविक होते.

ग्रेशम्स शाळेतून ते १९३५ साली केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले. तिसऱ्या वर्षी त्यांना तीव्र मानसिक आघात झाला व अभ्यास खंडित झाला. पुढे पदवी मिळाली, पण द्वितीय श्रेणीच्या खालच्या वर्गात. त्यामुळे संशोधनाचा मार्ग बंद झाला. स्टँडर्ड टेलिफोन्स अँड केबल्स या कंपनीत त्यांनी युद्धकाळात रडारसाठी लागणाऱ्या निर्वात नलिकांच्या रचनेची आकडेमोड केली. त्या कामात डिफरन्शियल ॲनालायझर हे यांत्रिक गणनयंत्र वापरावे लागे, आणि गणनयंत्रांविषयीचे त्यांचे कुतूहल तेथूनच वाढले. युद्धानंतर त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला; प्रथम कँटरबरी येथे व १९४९ पासून हॅरो या प्रसिद्ध शाळेत.

ड्राफ्ट्सचा प्रोग्रॅम
जानेवारी १९५१ मध्ये एका परिचिताच्या मध्यस्थीने त्यांना नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतील पायलट एस हा संगणक पाहण्यास मिळाला. त्यावर चालेल असा ड्राफ्ट्सचा, म्हणजे अमेरिकेत चेकर्स नावाने खेळल्या जाणाऱ्या सोंगट्यांच्या खेळाचा, प्रोग्रॅम लिहिण्याचे त्यांनी मनावर घेतले. हे काम कोणी सांगितले नव्हते आणि त्याचा मोबदलाही नव्हता. त्या काळी संगणक हे समीकरणे सोडवण्याचे महागडे साधन समजले जाई. त्यावर खेळ मांडणे हा अनेकांच्या लेखी वेळेचा अपव्ययच ठरला असता.

या खेळात पटावरील केवळ ३२ घरे वापरली जातात. स्ट्रेची यांनी पटाची संपूर्ण स्थिती ३२ बिटांच्या तीन संख्यांत बसवली: एकीत एका खेळाडूच्या सोंगट्या, दुसरीत प्रतिस्पर्ध्याच्या आणि तिसरीत राजा झालेल्या सोंगट्या. संख्येतील बिट ठरावीक अंतराने सरकवले की सोंगटीची चाल मिळे. अपुऱ्या स्मृतीवर मात करण्याची ही युक्ती आजही खेळांच्या प्रोग्रॅममध्ये वापरली जाते. तरीही ३० जुलै १९५१ रोजीचा पहिला प्रयत्न फसला. प्रोग्रॅममध्ये चुका होत्या, शिवाय त्याने पायलट एसची जवळजवळ सारी स्मृती व्यापली होती.

मँचेस्टर विद्यापीठातील फेरांटी मार्क १ या यंत्राची स्मृती बरीच मोठी असल्याचे कळताच त्यांनी किंग्ज कॉलेजपासून परिचित असलेल्या ॲलन ट्युरिंग यांच्याकडून त्याची माहितीपुस्तिका मागवली. ट्युरिंग यांनी त्यांना आधी एक वेगळेच काम सुचवले: यंत्राने स्वतःच्याच कार्याचे अनुकरण करावे आणि त्यातून इतर प्रोग्रॅम तपासता यावेत. एक हजाराहून अधिक आज्ञांचा हा प्रोग्रॅम घेऊन स्ट्रेची मँचेस्टरला गेले आणि रात्रभर यंत्रापाशी बसून त्यांनी तो चालवून दाखवला. शेवटी यंत्राच्या भोंग्यातून ब्रिटिश राष्ट्रगीताचे सूर निघाले. एका नवख्या शाळामास्तराने एका रात्रीत केलेले हे काम पाहून तेथील जाणकार चकित झाले.

१९५२ च्या उन्हाळ्यापर्यंत ड्राफ्ट्सचा प्रोग्रॅम पूर्ण डाव खेळू लागला. पट ऋणकिरण नलिकेच्या पडद्यावर दिसे आणि खेळाडूला द्यावयाच्या सूचना टेलिप्रिंटरवर छापल्या जात. खेळाडूने उत्तर देण्यास उशीर केल्यास सूचनांचा सूर चिडका होत जाई. त्याच वर्षी टोरँटो येथील परिषदेत स्ट्रेची यांनी या कामावर निबंध वाचला. आयबीएममधील आर्थर सॅम्युएल यांच्या चेकर्सच्या प्रसिद्ध संशोधनास त्यातून चालना मिळाली. या प्रोग्रॅमला जगातील पहिला व्हिडिओ गेम म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. तथापि निम्रॉड हे खेळयंत्र १९५१ मध्ये प्रदर्शित झाले होते आणि केंब्रिजचा फुली-गोळ्याचा प्रोग्रॅमही १९५२ चाच आहे, त्यामुळे अग्रक्रमाचा हा वाद व्याख्येवरच अवलंबून राहतो.

प्रेमपत्रे
१९५२ मध्येच त्यांनी मार्क १ यंत्राकडून प्रेमपत्रे लिहवून घेतली. वाक्यांचे मोजके साचे, नामे, विशेषणे व क्रियापदे यांच्या याद्या आणि यंत्रातील यादृच्छिक संख्या देणारी सोय, एवढ्या सामग्रीतून असंख्य भावविव्हल पत्रे तयार होत. प्रत्येक पत्राखाली मँचेस्टर विद्यापीठाच्या संगणकाची आद्याक्षरे सहीसारखी येत. अगदी साधी युक्तीही बुद्धीचा आभास कसा निर्माण करते, हे यातून दिसले. संगणकनिर्मित साहित्याचे हे आद्य उदाहरण मानले जाते.

पुढील कार्य
१९५२ मध्ये शाळा सोडून ते नॅशनल रिसर्च डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनमध्ये रुजू झाले. कॅनडातील सेंट लॉरेन्स जलमार्गाच्या आकडेमोडीत त्यांनी साहाय्य केले. फेरांटी पेगॅसस या संगणकाच्या रचनेत प्रोग्रॅमरच्या सोयीला प्राधान्य मिळाले, ते प्रामुख्याने त्यांच्यामुळे. १९५९ मध्ये पॅरिस येथील युनेस्को परिषदेत त्यांनी कालविभाजनाची कल्पना मांडली. एका प्रोग्रॅमचे काम चालू असतानाच दुसऱ्या व्यक्तीला त्याच यंत्रावर आपला प्रोग्रॅम दुरुस्त करता यावा, असा तिचा आशय होता. महागड्या यंत्रापाशी रात्री जागवलेल्या माणसाला ही कल्पना सुचावी, यात नवल नाही. अनेकांनी एकाच वेळी एक संगणक वापरण्याच्या अमेरिकेतील पद्धतीहून ती वेगळी होती, हे अनेकदा लक्षात घेतले जात नाही.

त्याच वर्षी ते स्वतंत्र सल्लागार झाले. पीटर लँडिन यांना साहाय्यक म्हणून नेमून त्यांनी लॅम्डा कलन व प्रोग्रॅमिंग भाषा यांच्या संबंधाचा शोध स्वखर्चाने चालवला. केंब्रिजमध्ये आखली गेलेली सीपीएल ही भाषा पूर्णत्वास गेली नाही. परंतु तिच्यापासून बीसीपीएल, तीपासून बी व अखेरीस सी अशी परंपरा निर्माण झाली. ऑक्सफर्ड येथे त्यांनी प्रोग्रॅमिंग रिसर्च ग्रुप स्थापन केला आणि १९६९ पासून डेना स्कॉट यांच्यासह अर्थनिर्देशक सिद्धान्ताची उभारणी केली. १९७१ मध्ये त्यांना प्राध्यापकपद मिळाले.

लेखन प्रसिद्ध करण्यात ते फार चोखंदळ होते. १९६७ मधील कोपनहेगनच्या व्याख्यानांत त्यांनी बहुरूपतेचे केलेले वर्गीकरण आज पाठ्यपुस्तकांत आढळते. मात्र त्या टिपणांच्या प्रती अनेक वर्षे हस्ते-परहस्तेच फिरत राहिल्या आणि ती २००० साली छापली गेली. १८ मे १९७५ रोजी यकृतदाहाच्या अल्पशा आजाराने, वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांची कागदपत्रे ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत. त्यांच्या आधारे कलावंत व संशोधक डेव्हिड लिंक यांनी प्रेमपत्रांचा आणि ड्राफ्ट्सचा प्रोग्रॅम पुन्हा चालता केला.