केट शेपर्ड

निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर स्त्रियांची रांग दिसते. आपल्याला त्यात काही नवल वाटत नाही. पण १८९३ सालापूर्वी जगातल्या कोणत्याही देशात संसदेच्या निवडणुकीत सर्व प्रौढ स्त्रियांना मत देता येत नव्हते. हा हक्क प्रथम न्यूझीलंडमधल्या स्त्रियांनी मिळवला. त्यांच्या लढ्याच्या पुढारी होत्या केट शेपर्ड.

केट यांचा जन्म इंग्लंडमधील लिव्हरपूल शहरात झाला. वडील वारल्यावर, १८६९ साली त्या आई व भावंडांबरोबर न्यूझीलंडला आल्या आणि ख्राइस्टचर्च शहरात राहू लागल्या. तेथेच त्यांचे लग्न झाले.

त्या काळी न्यूझीलंडमध्ये दारूचे व्यसन फार होते. अनेक पुरुष मजुरीचे पैसे दारूत उडवत. घरी बायकामुले उपाशी राहत. १८८५ साली स्त्रियांनी दारूबंदीसाठी संघटना स्थापन केली. केट तिच्यात सामील झाल्या. मुलांना दारू विकू नये, असा अर्ज स्त्रियांनी संसदेकडे केला. संसदेने तो मानला नाही. ज्यांना मत नाही, त्यांचे कोण ऐकणार? ही गोष्ट केट यांच्या ध्यानात आली. १८८७ पासून त्यांनी मताच्या हक्कासाठी काम सुरू केले.

त्यांनी गावोगावी भाषणे केली, पत्रके छापली, वर्तमानपत्रांत लेख लिहिले. १८९१ साली त्यांच्या अर्जावर नऊ हजारांहून अधिक सह्या झाल्या. १८९२ साली एकोणीस हजारांहून अधिक झाल्या. दोन्ही वेळा यश आले नाही. दारूचे व्यापारी विरोधात होते. स्त्रिया मत देऊ लागल्या तर घराकडे कोण पाहणार, असेही लोक म्हणत. केट खचल्या नाहीत. १८९३ साली सुमारे ३२,००० स्त्रियांनी सह्या केल्या. म्हणजे देशातल्या जवळजवळ दर चार प्रौढ स्त्रियांपैकी एकीने सही केली होती!

केट यांनी आपल्या घरी सह्यांचे कागद एकाला एक चिकटवले. ती गुंडाळी सुमारे २७० मीटर लांब झाली. सर जॉन हॉल या सभासदाने ती संसदेत नेली आणि जमिनीवर उलगडत सोडली. गुंडाळी घरंगळत थेट समोरच्या भिंतीला जाऊन आदळली.

पंतप्रधान सेडन यांना हा कायदा नको होता. त्यांनी एका सभासदाला मत बदलायला लावले. ते पाहून विरोधातले दोन सभासद चिडले आणि त्यांनी कायद्याच्या बाजूने मत दिले. वरिष्ठ सभागृहात २० विरुद्ध १८ मतांनी कायदा मंजूर झाला. १९ सप्टेंबर १८९३ रोजी गव्हर्नरांनी त्यावर सही केली.

निवडणूक २८ नोव्हेंबरला होती. दिवस थोडे होते. तरी एक लाखाहून अधिक स्त्रियांनी यादीत नावे नोंदवली आणि नव्वद हजारांहून अधिक स्त्रियांनी मत दिले. गडबड होईल, ही भीती खोटी ठरली. मतदान शांततेत पार पडले.

पण निवडणुकीला उभे राहण्याचा हक्क स्त्रियांना १९१९ साली मिळाला. पहिली स्त्री संसदेत निवडून आली ती १९३३ साली. तो दिवस केट यांनी पाहिला. पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, त्यांचे निधन झाले. न्यूझीलंडच्या दहा डॉलरच्या नोटेवर आज त्यांचे चित्र आहे.

शब्दार्थ
प्रौढ – वयाने मोठे, बालिग
खचणे – धीर सोडणे
घरंगळणे – लोळत पुढे जाणे
वरिष्ठ – वरचे

स्वाध्याय
१. स्त्रियांना मताचा हक्क हवा, असे केट यांना का वाटले?
२. सह्यांची गुंडाळी संसदेत कशी सादर झाली?
३. 'खचणे' हा शब्द वापरून वाक्य तयार करा.