आचार्य विनोबा भावे व इस्लामची पाच कर्तव्ये

आमच्या खानदेशातील धुळ्याच्या तुरुंगाचे नाव साऱ्या भारतवर्षास ठाऊक झाले, ते एका ग्रंथामुळे. १९३२ साली सत्याग्रही बंदी म्हणून आचार्य विनोबा भावे तेथे होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी त्यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले, आणि अमळनेरच्या शाळेत पूर्वी शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी ती अठरा प्रवचने लिहून घेतली. तीच आज ‘गीता-प्रवचने’ म्हणून घरोघरी वाचली जातात. परंतु ह्याच विनोबांनी पुढे अरबी भाषा शिकून कुराण शरीफाचे मुळातून अध्ययन केले, ही गोष्ट गीतेइतकी प्रसिद्ध नाही. विनोबांच्या चरित्राचा हा भाग आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते. कारण जळगाव-धुळ्याच्या शाळांतून भिन्न धर्मांची मुले एकाच बाकावर बसतात. तरी शेजारी बसणारा सोबती रमजानात दिवसभर पाण्याचा घोटही का घेत नाही, हे पुष्कळदा कोणी विचारीत नाही व कोणी सांगत नाही.

विनोबांचे मूळ नाव विनायक नरहरी भावे. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील गागोदे ह्या गावी झाला. आजोबा शंभुराव चांद्रायण व्रत करीत. चंद्राच्या कलेबरोबर रोज एकेक घास वाढवीत जावयाचे, व पौर्णिमेनंतर एकेक कमी करावयाचे, असे ते कठीण व्रत बाळ विनायकाने जवळून पाहिले. आई रुक्मिणीबाई दारी आलेल्या याचकास विन्मुख पाठवीत नसत. धडधाकट मनुष्यास भिक्षा का द्यावी, असा वाद मुलाने एकदा घातला; तेव्हा पात्र कोण व अपात्र कोण हे ठरविणारे आपण कोण, अशा अर्थाचे उत्तर देऊन आईने त्यास निरुत्तर केले. उपवास व दान ह्यांचे धडे त्यांस असे घरातच मिळाले.

१९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा तरुण वाटेत सुरतेस उतरला व ज्ञानाच्या ओढीने काशीस गेला. त्याच वर्षी ७ जून रोजी अहमदाबादेजवळील कोचरब आश्रमात त्याची व महात्मा गांधींची भेट झाली आणि त्याच्या आयुष्यास कायमचे वळण लागले. १९२१ साली ते वर्ध्यास आले, १९३८ साली धाम नदीच्या तीरी पवनार येथे राहू लागले, आणि १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहातील पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांचीच निवड केली.

पवनारच्या ह्या काळातच त्यांचे इस्लामचे अध्ययन सुरू झाले. प्रथम त्यांनी भाषांतरे वाचली. परंतु तेवढ्याने समाधान न होऊन १९३९ च्या सुमारास वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी ते अरबी शिकू लागले. मुसलमान प्रार्थनेच्या वेळी कुराण अरबीतच म्हणतो. त्याच्या कानी जो शब्द पडतो तोच आपल्याही कानी पडावा, अशी त्यांची तळमळ होती. मोठ्या वयात नवी लिपी व नवे उच्चार घोटून पाठ करणे किती कष्टाचे असते, हे आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको!

ह्या धर्माच्या आचाराचे पाच आधारस्तंभ मानले जातात. पहिला कलमा, म्हणजे श्रद्धेची साक्ष. अल्लाहवाचून दुसरा कोणी उपास्य नाही व महंमद पैगंबर हे त्याचे प्रेषित आहेत, असे मनापासून मानून उच्चारणे, ह्यातच पुढील साऱ्या कर्तव्यांचे मूळ आहे.

दुसरा स्तंभ नमाज. पहाटे फजर, दुपारी जुहर, तिसऱ्या प्रहरी असर, सूर्यास्तानंतर मगरिब व रात्री इशा, अशा पाच वेळी, हात, तोंड व पाय धुऊन, म्हणजे वुजू करून, मक्केतील काबागृहाकडे मुख करून ही प्रार्थना करतात. आमच्या खानदेशातून ती दिशा पश्चिमेची आहे. मशिदीत धनिक व मजूर खांद्यास खांदा लावून एकाच रांगेत उभे राहतात. कोणासाठी आसन राखलेले नसते. नमाजाच्या प्रत्येक आवर्तनात जी फातिहा म्हटली जाते, ती गांधीजींच्या आश्रमाच्या प्रार्थनेतही समाविष्ट झाली होती.

तिसरा स्तंभ जकात. ठराविक मर्यादेहून अधिक संपत्ती एक चांद्रवर्षभर ज्याच्याजवळ राहिली, त्याने तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे शंभर रुपयांस अडीच रुपये, गरजूंस द्यावयाचा. ही कृपा नसून श्रीमंताच्या धनात गरिबाचा हक्कच आहे, अशी कुराणाची शिकवण आहे.

चौथा स्तंभ रोजा. रमजान महिन्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न व पाणी वर्ज्य असते. त्याबरोबरच खोटे बोलणे व निंदा ह्यांपासूनही जिभेस आवरावयाचे असते. आजारी, प्रवासी, गर्भवती अशांस सवलत आहे. चुकलेले रोजे बहुधा त्यांनी पुढे भरून काढावयाचे. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान सर्व ऋतूंतून फिरतो. २०१९ साली तो मे महिन्यात आला होता. मे महिन्यातील जळगावचे ऊन ज्याने सोसले आहे, त्यास पाण्यावाचून काढलेल्या त्या दिवसांचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

पाचवा स्तंभ हज. ज्याच्या अंगी बळ व गाठी पैसा आहे, त्याने आयुष्यात एकदा जिलहज महिन्यात मक्केची यात्रा करावी. तेथे पुरुषांच्या अंगावर न शिवलेली दोन शुभ्र वस्त्रे असतात; त्यामुळे राजा कोण व रंक कोण, हे वेषावरून कळत नाही.

विनोबांचे हे अध्ययन पोथीपुरते राहिले नाही. देशाच्या फाळणीच्या दंगलींत दिल्लीजवळील मेवात प्रांतातील मेव मुसलमान उद्ध्वस्त झाले. गांधीजींच्या निधनानंतर, १९४८ साली, विनोबा तिकडे गेले व त्या लोकांस पुन्हा त्यांच्या गावी वसविण्यासाठी झटले. त्याच वर्षी अजमेरास ख्वाजा मुईनुद्दीन चिश्ती यांच्या दर्ग्यातही ते गेले. ज्या काळी परस्परांचे नाव काढताच माणसे शस्त्र उचलीत, त्या काळी शेजाऱ्याची प्रार्थना जाणणारा मनुष्य त्याच्या दारी निर्भयपणे उभा राहू शकला.

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी त्यांस भूमिहीनांसाठी पहिली शंभर एकर जमीन मिळाली व भूदानाची पदयात्रा सुरू झाली. ते प्रत्येकाजवळ जमिनीचा सहावा हिस्सा मागत. दान म्हणजे उपकार नव्हे, तर योग्य वाटणी, हा त्यांचा अर्थ शंकराचार्यांच्या वचनावर आधारलेला होता. तरी तो जकातीच्या कल्पनेशी किती जुळतो, हे कोणासही दिसेल. मिळालेल्या लक्षावधी एकरांपैकी पुष्कळ जमीन नापीक निघाली व पुष्कळ वाटली गेलीच नाही, हेही सत्य सांगितले पाहिजे. १९६२ च्या सप्टेंबरात ते त्या वेळच्या पूर्व पाकिस्तानातून पायी गेले, आणि तेथील मुसलमान शेतकऱ्यांनीही त्यांस भूदान दिले.

त्याच वर्षी त्यांचा ‘कुराण-सार’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कुराणातील निवडक वचने विषयवार लावून तो सिद्ध केलेला आहे. ग्रंथ हाती येण्यापूर्वीच कराचीच्या वृत्तपत्रांनी त्याविरुद्ध गहजब केला. परधर्मीयाने ईश्वरी वचनांतून निवड करावी, हे त्यांस रुचले नाही. आम्हांस हा आक्षेप क्षुल्लक वाटत नाही. जो ग्रंथ श्रद्धावंतास अक्षरशः पवित्र आहे, त्याचे सार काढणाऱ्याने फार जपून वागले पाहिजे. परंतु विनोबांनी त्या निवडीपूर्वी वीसहून अधिक वर्षे मूळ ग्रंथाच्या पायाशी बसून काढली होती. ग्रंथ प्रत्यक्ष वाचल्यावर अनेक मुसलमान विद्वानांनी त्याचा आदर केला व विरोध ओसरला. ख्रिस्ती धर्माचेही सार त्यांनी ह्याच वृत्तीने सिद्ध केले.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्या दिवशी, अन्नपाणी व औषध सोडून विनोबांनी पवनार येथे देह ठेवला. ते जन्मभर हिंदूच राहिले. दुसऱ्याचा धर्म जाणण्यासाठी स्वतःचा सोडावा लागत नाही, आणि स्वतःचा पाळण्यासाठी दुसऱ्याचा हिणवावा लागत नाही, हे त्यांच्या आयुष्याने दाखविले. विद्यार्थिमित्रहो, अरबी शिकणे तुम्हां सर्वांस साधेल असे नाही. परंतु येत्या रमजानात तुमचा सोबती मधल्या सुट्टीत डबा न उघडता बसला, तर त्याची थट्टा न करता त्याच्या रोजाचा अर्थ त्यासच विचारा. आणि तो सांगेल ते नीट ऐकून घ्या.