आगरकरांना थांबवेना

बँकेत उमेदवारीपासून निवृत्तीपर्यंत मी एक पाहिले. नियम बदलायचा म्हटला की दोन तट पडत, पण बदल मुळीच नको म्हणणारा क्वचित भेटे. भांडण असे ते कोणी बदलायचा आणि कधी, यावर. आगरकर-टिळकांचा वाद मला तसाच वाटतो.

१८५६ साली टेंभूला गरिबाघरी जन्मलेले गोपाळराव डेक्कन कॉलेजात टिळकांचे मित्र झाले. १८८१ साली ‘केसरी’ निघाला, आगरकर संपादक झाले. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. (अशा मित्रांचे बिनसावे, हे मला अजून खुपते.) १८८८ साली आगरकरांनी ‘सुधारक’ काढला.

१८९१ साली सरकारने मुलींचे संमतिवय दहावरून बारा केले. बालविवाहाचे कौतुक टिळकांनाही नव्हते. पण परक्या सरकारने घरात शिरू नये, समाज शिकेल तसा बदलेल, असे ते म्हणत. आगरकरांची नजर त्या दहा वर्षांच्या मुलीवर होती. समाज शिकेपर्यंत तिने थांबायचे, हे त्यांना पटेना. पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली.

दम्याने खंगलेले गोपाळराव १७ जून १८९५ रोजी गेले, चाळिशीही न पाहता. ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनीच लिहिला.