विश्लेषण : होणाऱ्या सासरच्या गॅरेजातून फॉर्म्युला वनपर्यंत... कॉलिन चॅपमन यांनी गाड्यांचे सस्पेन्शन कसे बदलले?

जुनी स्पोर्ट्स कार घरी बाळगणाऱ्यांचा सुट्टीचा दिवस बहुतेक वेळा गाडीत बसून नव्हे, गाडीखाली झोपून जातो. रबरी बुश झिजलेले असतात, शॉक अ‍ॅब्झॉर्बर (गॅरेजच्या भाषेत शॉकअप) गळत असतात, चासीला गंज धरलेला असतो. एवढे सगळे उघडलेच आहे, तर जरा कडक स्प्रिंग बसवून गाडी आणखी ‘स्पोर्टी’ का करू नये, असा मोह मग होतोच. ब्रिटनमधल्या जुन्या लोटस गाड्यांचे मालक या मोहाबाबत जरा सावध असतात. कारण या गाड्या ज्यांनी घडवल्या, त्या कॉलिन चॅपमन यांचे सस्पेन्शनबद्दलचे म्हणणे नेमके उलटे होते. त्यांची स्वतःची सुरुवातही घरच्या गॅरेजात, एका जुनाट गाडीखालीच झाली होती.

सुरुवात कशी झाली?

अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजी लंडनजवळच्या रिचमंडमध्ये झाला. वडील उत्तर लंडनच्या हॉर्नसी भागात ‘रेल्वे हॉटेल’ चालवत. चॅपमन युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये शिकले, पण ऑटोमोबाइल नव्हे, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरिंग. कमीत कमी लोखंडात जास्तीत जास्त भार कसा पेलायचा, हा त्या विषयाचा गाभा. विद्यापीठाच्या हवाई पथकात ते विमान उडवायलाही शिकले. अंतिम परीक्षेत गणिताचा पेपर राहिला आणि पदवी वर्षभर उशिरा मिळाली. नापास झालेल्या इंजिनीअरांना एवढा दिलासा पुरावा!

शिकत असतानाच ते एका मित्राबरोबर सेकंड हँड गाड्यांची खरेदी-विक्री करत होते. १९४७च्या अखेरीस सरकारने खासगी वापराच्या पेट्रोलचे रेशन बंद केले आणि जुन्या गाड्यांचा बाजार बसला. धंद्यात तोटा झाला आणि एक जुनी ऑस्टिन सेव्हन तेवढी अंगावर राहिली. मैत्रीण हेजल विल्यम्स यांच्या घराजवळ त्यांच्या वडिलांचे गॅरेज होते. तिथे चॅपमन यांनी ही गाडी पार उघडली.

वरची बॉडी काढून त्यांनी विमानासारखी प्लायवूड आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची नवी, ताठ बॉडी बसवली. मागचे कमानीचे पाटे सपाट केले, त्यामुळे गाडी वळणावर कमी झुलू लागली. १९४८मध्ये तयार झालेली ही गाडी म्हणजेच पहिली लोटस, ‘मार्क वन’. चिखलाच्या चढावर होणाऱ्या ‘ट्रायल’ स्पर्धांत ती उतरली. लोटस हे नाव का ठेवले, हे चॅपमन यांनी कधीच उघड केले नाही.

पुढे काही काळ ते ब्रिटिश अ‍ॅल्युमिनियम कंपनीत दिवसा नोकरी आणि रात्री गाड्या असा दुहेरी संसार करत होते. हेजल यांच्याकडून घेतलेल्या २५ पौंडांच्या उसनवारीवर १९५२मध्ये लोटस इंजिनीअरिंग कंपनी सुरू झाली. कारखाना म्हणजे वडिलांच्या हॉटेलमागचे घोड्यांचे तबेले. १९५४मध्ये दोघांचे लग्न झाले.

सस्पेन्शनचे नेमके काय काम असते?

गाडीत बसणाऱ्याला धक्के बसू नयेत, हे त्याचे निम्मेच काम. उरलेले निम्मे अधिक महत्त्वाचे आहे. टायर रस्त्याला कायम चिकटून राहिला पाहिजे. टायर हवेत असेल तर स्टिअरिंगही चालत नाही आणि ब्रेकही.

त्या काळच्या स्वस्त गाड्यांत पुढची दोन चाके एकाच आडव्या अ‍ॅक्सलला जोडलेली असत. एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही वाकडे होई. १९५२च्या लोटस मार्क सिक्समध्ये चॅपमन यांनी फोर्डचा असा अ‍ॅक्सल सरळ मधोमध कापला, दोन्ही तुकडे मध्यभागी बिजागरीसारखे टांगले आणि प्रत्येकाला स्वतंत्र कॉइल स्प्रिंग व शॉकअप दिला. आता एका चाकाचा खड्डा दुसऱ्याला कळेना. नवा महागडा पार्ट न घेता, भंगारातही मिळेल अशा अ‍ॅक्सलवर करवत चालवून हे काम झाले.

दुसरा मुद्दा वजनाचा. चाक, ब्रेक, हब हे सगळे स्प्रिंगच्या खाली लटकलेले असते. हे वजन जितके जास्त, तितके चाक उसळून पुन्हा रस्त्यावर यायला उशीर लागतो. मूळ गाडीच जड असेल तर तिला आवरायला स्प्रिंग कडक लागते आणि कडक स्प्रिंगमुळे खडबडीत रस्त्यावर चाक उड्या मारू लागते. चॅपमन यांचे उत्तर असे : गाडी हलकी करा, म्हणजे स्प्रिंग मऊ ठेवता येईल. आणि मऊ स्प्रिंगवर गाडी झुलू नये म्हणून शॉकअप उत्तम वापरा. मऊ स्प्रिंग आणि काटेकोर शॉकअप हीच पुढे लोटसची ओळख झाली.

१९५७च्या ‘लोटस १२’ या रेस कारमध्ये त्यांनी मागच्या चाकांसाठी काढलेली युक्ती आजही ‘चॅपमन स्ट्रट’ म्हणून शिकवली जाते. आपल्याकडच्या मारुती ८००पासून बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट असतो. स्प्रिंग आणि शॉकअप एकात एक घातलेला तो उभा खांब. चॅपमन यांनी तीच कल्पना मागच्या चाकाला लावली. पण चाक आडवे सरकू नये म्हणून वेगळा दांडा लावण्याऐवजी इंजिनची ताकद चाकाला पोहोचवणाऱ्या शाफ्टलाच ते काम दिले. एका पार्टकडून दोन पार्टचे काम झाले आणि एक पार्ट गाडीतून वजा झाला. चॅपमन यांची सगळी कारकीर्द या वजाबाकीत मावते. तिची दुसरी बाजूही याच वजाबाकीत आहे, पण ते पुढे.

घरी जोडायची गाडी ही काय भानगड होती?

तेव्हा ब्रिटनमध्ये तयार नव्या गाडीवर भरभक्कम खरेदी कर होता. सुट्या भागांच्या संचावर, म्हणजे ‘किट’वर तो लागत नसे. लोटसने ही फट पुरेपूर वापरली. मार्क सिक्स, १९५७ची लोटस सेव्हन आणि पुढे एलान या गाड्या खोक्यांत भरून ग्राहकाच्या दारात येत आणि तो त्या घरी पाना-पकड घेऊन जोडत असे. करसवलत हवी तर किटबरोबर जोडणीची माहिती देता येत नव्हती. म्हणून लोटस गाडी सुटी कशी करायची याची पुस्तिका देत असे, ग्राहकाने ती शेवटून वाचायची, असा किस्सा आजही सांगितला जातो. १९७३मध्ये व्हॅट आला आणि ही पळवाट बंद झाली. सेव्हनचे हक्क त्याच वर्षी केटरहॅमकडे गेले. ती कंपनी आजही ही गाडी बनवते आणि हवी तर किटमध्येही देते.

एलानमध्ये विशेष काय?

१९६२ची एलान ही चॅपमन यांच्या विचाराची सर्वांत सुबक रस्त्यावरची गाडी. वजन सुमारे ६५० किलो, म्हणजे साधारण मारुती ८०० एवढे. इंजिन मात्र १,५५८ सीसीचे, १०५ अश्वशक्तीचे. फायबरग्लासची बॉडी आणि मधून कण्यासारखी जाणारी पोलादी चासी. सस्पेन्शन तपासण्यासाठी घाईने केलेला हा सांगाडा इतका ताठ निघाला की तोच गाडीत कायम झाला. माझदाने १९८९मध्ये एमएक्स-५ आणली, तेव्हा डोळ्यांसमोर एलानच होती.

आज घरी एलान सांभाळणाऱ्याला मात्र या हलकेपणाचा हिशेब चुकवावा लागतो. पातळ पत्र्याची चासी आतून गंजते, म्हणून अनेकांनी बॉडी उचलून खाली जस्ताचा मुलामा दिलेली नवी चासी घातली आहे. मागच्या शाफ्टना रबरी कपलिंग आहेत. ती वेळोवेळी तपासली नाहीत तर फाटतात. पुढच्या चाकाचा आधार ट्रायम्फच्या गाड्यांतून घेतलेला आहे. त्यातल्या ‘ट्रनियन’ नावाच्या पितळी जोडात ग्रीस नव्हे, ९० नंबरचे गिअर ऑइल घालायचे असते. ग्रीस घट्ट होऊन बसते, जोड कोरडा पडतो आणि चालत्या गाडीचे चाक निखळू शकते. कडक स्प्रिंग, कडक पॉलियुरेथेन बुश असे ‘अपग्रेड’ एकदम चढवले, तर ज्यासाठी गाडी घेतली ती मऊसूत पकडच हरवते. आधी बुश, ट्रनियन आणि शॉकअप मूळ मापाचे, मग अलाइनमेंट आणि त्यानंतरही गरज वाटली तरच स्प्रिंग, हा क्रम शहाणपणाचा.

रेसिंगमध्ये किती यश मिळाले?

चॅपमन स्वतःही वेगवान चालक होते. १९५६मध्ये व्हॅनवॉल संघाने त्यांच्याकडून चासी तर करून घेतलीच, फ्रेंच ग्रां प्रीसाठी चालक म्हणूनही नेले. सरावातच ते सहकारी माइक हॉथॉर्न यांच्या गाडीवर आदळले आणि त्यांची फॉर्म्युला वन चालकाची कारकीर्द शर्यतीआधीच संपली. १९५८मध्ये लोटस संघ फॉर्म्युला वनमध्ये उतरला. चॅपमन यांच्या हयातीत संघाने ७ कन्स्ट्रक्टर आणि ६ चालक जगज्जेतीपदे मिळवली. जिम क्लार्क (१९६३, १९६५), ग्रॅहम हिल (१९६८), योकेन रिंट (१९७०), इमर्सन फिटिपाल्डी (१९७२) आणि मारिओ आंद्रेत्ती (१९७८) हे ते जगज्जेते.

टीका कशावरून झाली?

गाडी हलकी करताना कुठे थांबायचे, यावरून. १९६०मध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर सरावात स्टर्लिंग मॉस यांच्या लोटसचे मागचे चाक निखळले. मॉस यांचे दोन्ही पाय मोडले. त्याच दिवशी दुसऱ्या लोटसमधील माइक टेलर यांचे स्टिअरिंग तुटले. ते पुन्हा रेसिंग करू शकले नाहीत आणि त्यांनी लोटसला कोर्टात खेचले. ७ एप्रिल १९६८ रोजी हॉकेनहाइमला जिम क्लार्क गेले. कारण बहुधा टायर असावा, पण क्लार्क हे चॅपमन यांचे जिवलग मित्र होते आणि तो आघात त्यांच्या जिव्हारी लागला.

मे १९६९मध्ये बार्सिलोनात हिल आणि रिंट या दोघांच्या लोटसचे उंच विंग एकाच शर्यतीत मोडले. रिंट यांनी त्यानंतर चॅपमन यांना पत्र लिहून गाड्यांचे कमजोर भाग मजबूत करण्याची मागणी केली होती. पुढच्या वर्षी ‘लोटस ७२’ आली. तिच्यात पुढचे ब्रेकसुद्धा चाकातून काढून गाडीच्या आत बसवले होते. हेतू तोच, स्प्रिंगखालचे वजन कमी करणे. पण त्यामुळे ब्रेकचा सगळा जोर एका शाफ्टमधून चाकापर्यंत जाऊ लागला. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोन्झामध्ये सरावात ब्रेक लावताना रिंट यांच्या गाडीचा उजवा शाफ्ट तुटला. गाडी डावीकडे वळून कठड्यावर आदळली आणि रिंट यांचा मृत्यू झाला. कठडा नीट बसवलेला नव्हता, हेही तपासात पुढे आले. चॅपमन यांच्यावरचा इटलीतील खटला अनेक वर्षे चालला आणि ते निर्दोष सुटले. रिंट मरणोत्तर जगज्जेते ठरले, असे ते आजवरचे एकमेव. ज्या शाफ्टमुळे लोटस ७२चे चाक इतके हलके झाले, तोच तुटला. कठडे ट्रॅकवाल्यांचे असले, तरी शाफ्ट चॅपमन यांचा होता.

अखेरच्या वर्षांत काय घडले?

१९७७-७८मध्ये लोटसने गाडीचा तळच विमानाच्या उलट्या पंखासारखा केला. गाडी रस्त्याकडे ओढली जाऊ लागली आणि वळणावरचा वेग कमालीचा वाढला. पण तळ आणि रस्ता यांतले अंतर बदलू नये म्हणून स्प्रिंग दगडासारखी कडक करावी लागली. मऊ स्प्रिंगवर आयुष्य घालवलेल्या माणसाला हे रुचणारे नव्हते. १९८१च्या ‘लोटस ८८’मध्ये त्यांनी एकात एक अशा दोन चासी दिल्या. एक हवेचा दाब झेलणारी, दुसरी चालकाला मऊ झुलवणारी. इतर संघांनी हरकत घेतली आणि गाडीवर बंदी आली.

तोवर आर्थिक वादळही घोंघावू लागले होते. ब्रिटिश सरकारच्या पैशावर उभ्या राहिलेल्या डिलोरियन मोटारीचे इंजिनीअरिंग लोटसकडे होते. त्या कामाचे १ कोटी ७० लाख डॉलरहून अधिक पनामातील एका कंपनीमार्फत भलतीकडे वळले. लोटसचे वित्तप्रमुख फ्रेड बुशेल यांना १९९२मध्ये त्यासाठी तुरुंगवास झाला. चॅपमन यांच्यावर खटल्याची वेळच आली नाही. १६ डिसेंबर १९८२ रोजी, वयाच्या ५४व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.

त्याच दिवशी स्नेटर्टनच्या ट्रॅकवर लोटसची एक गाडी पहिल्या चाचणीसाठी उभी होती. तिच्यात नेहमीच्या स्प्रिंगचे काम प्रत्येक चाकाजवळच्या हायड्रॉलिक जॅकवर सोपवले होते आणि त्या जॅकना हुकूम देत होता कम्प्युटर. १९८७मध्ये आयर्टन सेना यांनी अशाच ‘अ‍ॅक्टिव्ह’ सस्पेन्शनच्या लोटसने मोनाको आणि डेट्रॉइटच्या शर्यती जिंकल्या. १९९४पासून फॉर्म्युला वनमध्ये त्यावर बंदी आहे.