स्वदेशी पंखांचे शिल्पकार डॉ. घाटगे

सरळ पंखांचे विमान उडताना त्याचे पंख फळीसारखे ताठ राहतात, हा समज खरा नाही. हवेचा उचलणारा जोर पंखभर पसरलेला असतो, वजन मात्र बहुतांशी मधल्या धडात. त्यामुळे प्रत्येक पंख थोडा तरी वर वाकतोच. हा जोर पंखावर कोठे किती पडतो, याचे गणित जर्मनीत लुडविग प्रांट्ल यांनी मांडले आणि त्यांच्याच हाताखाली गटिंगेनला शिकले ते कोल्हापूर परिसरातील डॉ. विष्णु माधव घाटगे (१९०८-१९९१).

डॉक्टरेट मिळवून ते परतले तेव्हा देशात विमानाचा कारखानाच नव्हता. वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरला तो उभारला आणि घाटगे तेथे रुजू झाले. त्यांचे 'एचटी-२' हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये झेपावले. भारतीय आराखड्याचे हे पहिले इंजिनाचे विमान. आधीच्या टायगर मॉथचे दुहेरी पंख तारांनी ताणून धरलेले असत. येथे बाहेरचा आधार नव्हता. सारा भार आतल्या धातूच्या तुळईवर, आणि चालविणारे हात नवशिक्यांचे. चूक परवडणारी नव्हती.

१९६४ मध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली घडलेले 'किरण' हे जेट विमान उडाले. पंख सरळ, आखूड, दणकट. त्याचा बाक नजरेत भरत नाही. संगणकावरील सिम्युलेटरमध्ये अशा विमानाचे पंख जम्बो जेटसारखे डोलताना दाखविणे दिसायला देखणे, पण वास्तवाला सोडून आहे.

घाटगे यांना १९६५ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचे निधन झाले, तेव्हाही हवाई दलाचे तरुण वैमानिक 'किरण'वरच शिकत होते.