आपल्या ब्रँचचा फोटोग्राफर

आमच्या मेसचे काका यंदा रिटायर होणार म्हणून मासिकात त्यांचा पानभर फोटो छापायचं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. कारण काय, तर माझ्या रूममेटकडे कॅमेरा आहे! मी आजवर काढलेले फोटो म्हणजे ट्रेकचे नाहीतर सर्व्हे कॅम्पचे. माणसाला समोर बसवून, ठरवून फोटो काढायची ही पहिलीच वेळ. त्यात काकांनी सांगून टाकलं की आयकार्डापासून आधारकार्डापर्यंत सगळीकडे ते चोरासारखे दिसतात, निदान हा फोटो तरी घरी भिंतीवर लावता यावा. झालं, माझी झोप उडाली.

तयारी म्हणून लायब्ररीत जुने पोर्ट्रेट बघत बसलो आणि तिथे लाला दीनदयाळ भेटले. राजेरजवाड्यांचे फोटो काढणारा माणूस एवढंच मला ठाऊक होतं. गडी सिव्हिल इंजिनिअर होता, हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं!

जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधन्याचा, जैन कुटुंबातला. शिक्षण रुडकीच्या थॉमसन कॉलेजात, म्हणजे आजच्या आयआयटीत. १८६६ साली इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात हेड एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून लागले. म्हणजे रेट, क्वांटिटी, ड्रॉइंग, जे आपल्या नशिबी आहे तेच. कॅमेरा हातात आला तो तिशीच्या आसपास, १८७४ च्या सुमारास. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी आणि सर हेन्री डेली या इंग्रज अधिकाऱ्याने पाठबळ दिलं. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स भारतात आला, तेव्हा त्या दौऱ्याचे फोटो काढायची संधीही मिळाली.

त्या काळी फोटो काढणं म्हणजे आपल्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलचा बाप. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा. लगेच अंधारात जाऊन डेव्हलप करायचं. काच वाळली की खेळ खलास. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती किती वेळ ओली राहणार? समोरच्या माणसाने काही सेकंद दगडासारखं बसायचं, त्यासाठी मानेमागे लोखंडी टेकू लावत. जुन्या फोटोंत कुणी फारसं हसत का नाही, ते तेव्हा कळलं. सेकंदभर हसता येतं, पण हसू धरून ठेवता येत नाही. पुढे १८८० च्या दशकात तयार कोरड्या काचा रुळल्या आणि ही धावपळ संपली.

दीनदयाळ सर लेपेल ग्रिफिनबरोबर बुंदेलखंडात फिरले, तिथल्या देवळांचे, किल्ल्यांचे फोटो काढले. आधी नोकरीतून रजा काढली आणि मग नोकरीच सोडली. पक्की सरकारी नोकरी! आपल्यापैकी कुणी घरी फोन करून हे सांगून बघावं.

त्यांची हिंमत मात्र फळली. सिकंदराबादेत स्टुडिओ निघाला, सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबाराचं काम मिळालं, राजा ही पदवीही मिळाली. १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडला आणि १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाचं शाही नियुक्तिपत्र आलं. पण मला सगळ्यात आवडला तो १८९२ चा हैदराबादचा जनाना स्टुडिओ. पडद्यातल्या बायका पुरुषापुढे फोटोला बसणार कशा? म्हणून त्यांच्यासाठी वेगळी जागा केली आणि फोटो काढायला बाईच नेमली. माणूस अवघडला तर फोटो बिघडणार, हे त्यांनी ओळखलं होतं.

शेवट तसा वाईट झाला. १९०४ मध्ये मुलगा धरमचंद गेला आणि पुढच्याच वर्षी स्वतः दीनदयाळ. त्यांच्या अडीच हजारांहून जास्त काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपल्या आहेत. २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीटही निघालं.

असो. त्यांचे फोटो बघताना मी हात बघत होतो. कुणाचा तलवारीवर, कुणाचा खुर्चीच्या पाठीवर. रिकामा लोंबता हात क्वचितच. आमच्या काकांचे हात कॅमेरा दिसला की काठीसारखे ताठ होतात, म्हणून त्यांच्या हातात आमटीचा डाव द्यायचा मी बेत केला. काकांना तो अजिबात पटला नाही. तीस वर्षं डावच धरला, आता फोटोत तरी नको म्हणाले. त्यांना मुलीच्या लग्नातला कोट घालायचा आहे. मी आधी हुज्जत घातली, मग गप्प बसलो. दीनदयाळांपुढे बसलेले सरदार आपापल्या मर्जीचे दागिने घालूनच आले असणार की.

तर रविवारी नाश्त्याची गर्दी ओसरली की मेसच्या उत्तरेकडच्या व्हरांड्यात बसायचं ठरलंय. ऊन थेट येत नाही तिथे. उजेड परतवायला रूममेटची पांढरी चादर धुऊन ठेवली आहे. बॅटरी चार्ज झाली. कोट इस्त्रीला गेलाय.