उत्तरेच्या उजेडामागे गेलेले प्राध्यापक : क्रिस्तियान बिर्केलँड



ध्रुवीय प्रकाशाचे रंगीत फोटो हल्ली तुम्ही सर्वांनी पाहिलेले असतात. आम्ही हिंदी माध्यमातून शिकलो. आमच्या पुस्तकात ‘ध्रुवीय ज्योति’ हा शब्द आणि दोन ओळींची व्याख्या एवढेच होते. आकाशात हिरवे पडदे हलतात ते कशामुळे, हे कोणी शोधले आणि त्यासाठी कोणाला काय सोसावे लागले, याबद्दल तिथे अक्षरही नव्हते. म्हणून या अंकात नॉर्वेचे प्राध्यापक क्रिस्तियान बिर्केलँड यांच्या जीवनाची ओळख करून देत आहोत.

बिर्केलँड यांचा जन्म १३ डिसेंबर १८६७ रोजी क्रिस्तियानिया येथे झाला. याच शहराला आज ऑस्लो म्हणतात. लहानपणी स्वतःच्या पैशांनी त्यांनी पहिली वस्तू विकत घेतली ती लोहचुंबक, असे सांगतात. खरे असो वा नसो, पुढचे सारे आयुष्य चुंबकाभोवतीच फिरले हे नक्की. गणितात ते फार हुशार होते. पॅरिस, जिनिव्हा आणि बॉन येथे त्या काळच्या मोठ्या शास्त्रज्ञांजवळ राहून ते शिकले आणि १८९८ साली, वयाच्या तिशीतच, क्रिस्तियानियाच्या विद्यापीठात प्राध्यापक झाले.

त्या वेळी यूरोपात कॅथोड किरणांचा बोलबाला होता. जुन्या टीव्हीत जी काचेची मोठी नळी असायची, तिच्या आत हेच किरण धावत. बिर्केलँड यांनी पाहिले की नळीजवळ चुंबक धरला की हे किरण वळतात आणि चुंबकाच्या टोकाकडे गोळा होतात. पृथ्वी हाही एक मोठा चुंबकच. मग सूर्याकडून असे किरण येत असतील आणि पृथ्वीचा चुंबक त्यांना ध्रुवांकडे ओढत असेल तर? १८९६ साली त्यांनी ही कल्पना मांडली. आज ऐकायला सोपी वाटते, पण तेव्हा सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधली जागा अगदी रिकामी आहे, असेच बहुतेक विद्वान मानत.

प्रयोगशाळेत बसून हे सिद्ध होणार नव्हते. १८९७ च्या हिवाळ्यात ते उत्तर नॉर्वेच्या फिनमार्क प्रांतात गेले आणि बर्फाच्या वादळात सापडून कसेबसे परतले. दुसरा कोणी असता तर इथेच थांबला असता. बिर्केलँड यांनी सरकारकडून पैसे मिळवले आणि आल्टा गावाजवळ, काफ्योर्डच्या वर, हाल्दे पर्वतावर दगडी वेधशाळा बांधायला घेतली. उंची सुमारे ९०० मीटर. उंची फार नाही. पण आल्टा उत्तर अक्षांश ७० अंशांच्या आसपास आहे, तिथे डिसेंबरात सूर्य उगवतच नाही, आणि वारा असा की उभे राहणे मुश्किल. सुमारे साडेतीन किलोमीटरवर शेजारच्या शिखरावर दुसरे घर बांधले. दोन्ही ठिकाणांहून एकाच क्षणी फोटो काढायचे आणि त्रिकोणाच्या हिशेबाने प्रकाश जमिनीपासून किती उंच आहे ते काढायचे, असा बेत होता. तो प्रकाश डोंगरमाथ्यांना टेकतो, असे त्या काळी पुष्कळांना वाटे.

१८९९-१९०० चा हिवाळा त्यांनी व त्यांच्या तरुण साथीदारांनी त्या पर्वतावर काढला. चुंबकाच्या सुयांची नोंद रात्रंदिवस होत होती. उंचीचा बेत मात्र फसला, कारण दोन घरांमधले अंतर फारच कमी पडले. पुढे १९१० च्या सुमारास त्यांचेच सहकारी कार्ल स्टोर्मर यांनी जास्त अंतरावरून फोटो घेऊन दाखवले की हा उजेड साधारण शंभर किलोमीटर आणि त्याहून वर असतो.

या मोहिमांचा हिशेब केवळ आकड्यांचा नाही. वैद्यकीचे शिक्षण घेणारे ब्यॉर्न हेलांद-हान्सेन यांची बोटे हिमदंशाने गेली. त्यांनी तो रस्ता सोडला आणि पुढे ते समुद्रविज्ञानातले मोठे नाव झाले. एलिसार बोये मात्र १९०० साली कोसळत्या बर्फाखाली गाडले गेले. आम्ही दर वर्षी मुलांना सहलीला नेतो; बस घाटात शिरली की परत येईपर्यंत जिवात जीव नसतो. म्हणून बिर्केलँड यांचे कौतुक लिहिताना आमचा हात इथे थोडा थांबतो. वादळाचा अनुभव त्यांना आधीच आलेला होता. त्यांनी स्वतःलाही वाचवून ठेवले नाही हे खरे, पण बोये यांच्या घरच्यांना त्याचा काय उपयोग?

१९०२-०३ मध्ये त्यांनी आणखी मोठी मोहीम काढली. काफ्योर्ड, आइसलँड, स्पिट्सबर्गन आणि रशियाचे नोवाया झेम्ल्या अशा चार ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे झाली. ध्रुवीय प्रकाश नाचतो तेव्हा त्या भागाच्या आकाशात विजेचे प्रचंड प्रवाह वाहतात, ते वरून चुंबकरेषांच्या वाटेने खाली येतात आणि पुन्हा वर जातात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अशा चुंबकी वादळाच्या वेळी दूरच्या देशांतल्या सुयाही हलतात. आपल्याकडे मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत सप्टेंबर १८५९ च्या प्रसिद्ध सौर वादळाची नोंद झाली होती. नंतर मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी सुया बिघडतील, म्हणून हे काम १९०४ साली अलिबागला हलवले. कोकणातल्या माणसाला आकाशात काही दिसत नाही, पण सुईला कळते!

प्रयोगशाळेत त्यांनी ‘टेरेला’ म्हणजे छोटी पृथ्वी बनवली. धातूचा पोकळ गोल, आत विद्युतचुंबक, आणि हे सारे हवा काढून टाकलेल्या काचेच्या पेटीत. किरण सोडले की गोलाच्या दोन्ही ध्रुवांभोवती उजेडाची कडी दिसायची.

या सगळ्याला पैसा लागत होता. त्यासाठी त्यांनी विजेवर चालणारी तोफ तयार केली. मार्च १९०३ मध्ये विद्यापीठाच्या सभागृहात प्रतिष्ठित मंडळींसमोर प्रयोग ठेवला, तर मोठा आवाज आणि ज्वाळा होऊन शॉर्ट सर्किट झाले आणि पाहुणे पळाले. पण त्याच सुमारास त्यांची सॅम आयदे या इंजिनिअरशी गाठ पडली. विजेच्या ठिणगीने हवेतला नायट्रोजन पकडून खत बनवण्याची रीत दोघांनी मिळून काढली आणि १९०५ साली नोर्स्क हायड्रो ही कंपनी उभी राहिली. म्हणजे फसलेल्या तोफेतून शेतकऱ्यांसाठी खत निघाले.

घरचे सुख मात्र त्यांना लाभले नाही. १९०५ मध्ये लग्न झाले, १९११ मध्ये घटस्फोट. नोबेलसाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, मिळाले कधीच नाही. झोप येत नसे म्हणून ते व्हेरोनॉल नावाचे औषध घेत आणि ते वाढतच गेले. पुढे अभ्यासासाठी इजिप्तमध्ये राहिले असताना महायुद्ध सुरू झाले आणि इंग्रज आपल्यावर पाळत ठेवतात असा संशय त्यांच्या मनात बसला. १९१७ मध्ये घरी परतायला त्यांनी जपानचा लांबचा मार्ग धरला. १५ जून १९१७ रोजी टोकियोच्या एका हॉटेलात ते मृतावस्थेत सापडले. औषध ठरलेल्या मात्रेपेक्षा कितीतरी अधिक घेतले होते. वय ४९.

त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे त्यांच्या सिद्धांताकडे फारसे कोणी पाहिले नाही. इंग्लंडचे सिडनी चॅपमन यांच्यासारखे वजनदार शास्त्रज्ञ विरोधात होते. त्यांच्या मते ते प्रवाह वातावरणाच्या वरच्या थरातच आडवे फिरतात. वरून खाली येणारे प्रवाह आहेत की नाहीत हे जमिनीवरच्या सुयांवरून ठरवता येत नव्हते. १९६० च्या दशकात अमेरिकन नौदलाचा एक उपग्रह ध्रुवांवरून जाताना त्याच्या चुंबकमापकात गडबड दिसली, आणि अभ्यासाअंती ती याच प्रवाहांची खूण निघाली. आज जगभर त्यांना ‘बिर्केलँड प्रवाह’ म्हणतात. सगळेच काही त्यांचे बरोबर ठरले नाही. सूर्याकडून नुसते कॅथोड किरण येत नाहीत, तर धन आणि ऋण दोन्ही भारांच्या कणांचा वारा येतो, आणि उजेड पाडणाऱ्या कणांना वेग मिळतो तो पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्रात. ते कण वर ऑक्सिजनवर आदळले की हिरवा व लाल, नायट्रोजनवर आदळले की निळा-जांभळा रंग दिसतो.

नॉर्वेने १९९४ साली २०० क्रोनरच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. २०१७ मध्ये नवी नोट आल्यावर ती मागे पडली. हाल्देवरची वेधशाळा दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने जाळली होती. पुढे ती दुरुस्त केली गेली. उन्हाळ्यात काफ्योर्डहून लोक पायी तिथवर चढून जातात, मात्र तेव्हा रात्रीही उजेड असतो आणि ध्रुवीय प्रकाश दिसत नाही. तो पाहायचा तर हिवाळ्यातच जावे लागते.